घर मिळालं की

बनी पार्क, जयपूर
९ जुलै २००५

विनया,

तुझं पत्र मिळालं. "फोनवर तू शब्द फिरवतेस ताई, तेव्हा जे सांगायचं ते लिहून कळव," हे वाक्य तू दोनदा अधोरेखित केलं आहेस, तेही लाल शाईनं. शाळेतून मुदतीआधी रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी तुझी लाल शाई संपलेली दिसत नाही. बरं, लिहून कळवते.

जानेवारीत तुझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. त्याआधी आईला मी इकडं घेऊन यायचं, आणि या खेपेला 'बघू' म्हणायचं नाही. कळलं. चौदा वर्षं आई तुझ्याकडं मिरजेत आहे हेही कळलं, कारण ते तू एकाच पत्रात तीन वेळा लिहिलं आहेस.

मी नाही म्हणतच नाही. पण आणू कुठं तिला? आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्र्याऐंशी वर्षांची बाई एकदा वर चढली की खाली यायची ती चौघांच्या खांद्यावरच. त्यात घरमालकानं डिसेंबरअखेर जागा खाली करायला सांगितली आहे. स्टेशन जवळ म्हणून इथं प्रत्येकाला आपल्या घराचं गेस्ट हाऊस करायचंय. शेजारच्या जोशीजींनी केलं, समोरच्यांनी केलं. आता आमच्या खिडकीसमोर रोज चाळीस परक्या लोकांचे टॉवेल वाळतात. कोणी पुसलं, कुठलं पुसलं, देव जाणे. सकाळी पडदा सरकवला की तेच दर्शन.

तेव्हा घर शोधायचंच आहे. ह्यांच्या डोक्यात बस्सी शिरलंय. जयपूरपासून पूर्वेला आग्र्याच्या रस्त्यावर तीस किलोमीटरवर आहे. अडीच वर्षं राहिलीत नोकरीची, तोवर रोज जाऊन येऊन करीन म्हणतात, आणि रिटायर झाल्यावर तिथंच राहायचं. तुला ह्यांचा स्वभाव माहीत आहे. आईच्या बाबतीत तर माहीत आहेच, मी काय वेगळं सांगू.

घर मिळालं की बोलावते.

आईच्या वहीत माझा पत्ता अजून तू पेन्सिलीनंच लिहितेस, आणि खोडून खोडून त्या पानाला भोक पडलंय, हे लिहायची काही गरज नव्हती. बदल्या काय मी मागून घेतल्या?

मीनाक्षी


१ ऑगस्ट २००५

विनया,

काल बस्सीला जाऊन आलो. मी, हे आणि ज्ञानदा. ज्ञानदाला तू शेवटचं तुझ्या रेवतीच्या लग्नात पाहिलंस, एकोणीसची होती तेव्हा. आता सीतापुऱ्यात एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसते. मराठी बोलते, पण ऐकवत नाही.

एजंट म्हणाला होता, "बस पच्चीस मिनट, मैडम." पंचवीस मिनिटांत आम्ही घाट की गूणीच्या चढावर एका बंद पडलेल्या ट्रकच्या मागं उभे होतो, आणि त्यानंतरही तिथंच उभे होतो. बसमधल्या पुढच्या सीटवरच्या बाईनं खिडकीतून तोंड बाहेर काढून ओकारी केली. वारा आमच्या बाजूचा. माझ्या उजव्या बाहीवर काय आलं ते सांगत नाही, तू जेवायला बसली असशील. एक तास पन्नास मिनिटं लागली, आणि हे घड्याळ बघून म्हणतात, "आज रविवार आहे म्हणून. एरवी एवढा वेळ नाही लागायचा." रविवारी वेळ जास्त लागतो हा शोध ह्यांचाच.

कॉलनीचं नाव गंगा विहार. कमान आहे, कमानीवर दोन सिमेंटचे हंस आहेत, आणि कमानीच्या पलीकडं नुसती वाळू. एजंटच्या तोंडात गुटखा. आमचा प्लॉट दाखवायला तो एका दगडापाशी गेला, पचकन थुंकला आणि म्हणाला, "यहाँ से." मग पंधरा पावलं चालून दुसऱ्यांदा थुंकला. "और यहाँ तक." अशी ही आपली सरहद्द. वास्तुशांतीच झाली म्हणायची.

नमुन्याचं म्हणून एक घर बांधून ठेवलंय. आत शेळ्या बसतात, हे लेंड्यांवरून कळलं. संडासात भांडं बसवलंय पण खाली पाइप जोडलेलाच नाही, आणि मजुरांनी त्याची वाट न बघता ते वापरात आणलंय. मी दार उघडलं आणि पदर नाकाला लावून बाहेर आले. ज्ञानदाला बाहेरच उलटी झाली. बोअरचं पाणी प्यायला दिलं, ते खारट. चूळ भरली तरी जीभ दिवसभर चिकट.

आणि हे? ह्यांनी एकच प्रश्न विचारला. "ट्रक दारापर्यंत येतो का?"

सत्तावीस वर्षं ह्या माणसानं प्रत्येक गावात घर बघताना हाच प्रश्न पहिला विचारला. ऊन येतं का, पाणी येतं का, शेजार कसा, काही नाही. ट्रक येतो का. कारण घरात शिरायच्या आधीच ह्यांना निघायची तयारी लागते. आमचे लाकडी खोके अजून आहेत, एक ते अठ्ठावीस नंबर घातलेले. त्यातले सहा तर रायपूरपासून उघडलेले नाहीत. सात नंबरात काय आहे ते कोणालाच माहीत नाही, पण सात नंबर प्रत्येक गावात आमच्याबरोबर येतो.

एजंट म्हणाला, "ट्रक छोड़िए साहब, हवाई जहाज उतार लो." हे खूश.

तू विचारलंस म्हणून लिहिलं. आता सांग, त्या शेळ्यांच्या घरात आईला ठेवू?

मीनाक्षी


२८ ऑगस्ट २००५

विनया,

शहरातली घरं बघते आहे. महिनाभरात चौदा पाहिली. किळस या शब्दाचा अर्थ मला आता नव्यानं कळतोय.

एका ठिकाणी स्वयंपाकघराचा ड्रॉवर ओढला तर आतून झुरळांचं वऱ्हाड निघालं. आधीच्या भाडेकरूंच्या तेलाचा थर भिंतीवर असा, की बोट लावलं तर बोट तिथंच राहील. मालकीण मागं उभी राहून म्हणते, "थोड़ा-सा पोंछ लेना." दुसरीकडं मालकानं दारातच विचारलं, "आप मराठी लोग मछली तो नहीं खाते?" मी म्हटलं, आम्ही मिरजेचे, मासे स्टेशनवरसुद्धा पाहिले नाहीत. तर म्हणाला कांदा-लसूण पण चालणार नाही, आणि रोज सकाळी तो येऊन कचऱ्याची बादली बघणार. दुसऱ्याच्या घरातला कचरा उपसणारा माणूस स्वतःला शुद्ध म्हणवतो. मी तिथून पाणी न पिता निघाले.

तिसरं घर स्टेशनच्या मागं. बाथरूममध्ये कोणाचे तरी केस जाळीत अडकलेले, मेंदीचे, लालसर, मूठभर. मी एरवी धीट आहे, पण ते स्वप्नात येतात.

विद्याधर नगरात एक तळमजला पाहिला. भिंतीला ओल होती. सोडून दिलं.

तुझ्या पत्रात तू लिहिलंस, माझी पत्रं आईला वाचून दाखवतेस आणि ती दर वेळी एवढंच विचारते, "खिडकीतनं माणसं दिसतात का?" तिला म्हणावं, इथं आधी उभं राहायला धड जागा शोधते आहे. खिडकीचं नंतर बघू. आपल्या लहानपणी ती मिरजेला रेल्वे क्वार्टरच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची, ते काय विसरले मी? भाजीवाल्यापासून गार्डसाहेबापर्यंत. ती सवय गेली नाही म्हण की.

आणि ती ट्रंक अजून भरून ठेवली आहे का तिनं? दोन लुगडी, शाल, औषधं? ते वाचून मला बरं वाटेल असं तुला वाटलं का? तिला सांग, ट्रंक उघड, कपड्यांना कसर लागेल.

मीनाक्षी


९ ऑक्टोबर २००५

विनया,

"नाचता येईना अंगण वाकडं." बस्स, एवढं एकच वाक्य, पोस्टकार्डावर. पोस्टमननं वाचलं नसेल अशी आशा करते. तो बिचारा राजस्थानी आहे, पण देवनागरी येते त्याला.

नवरात्रातही मी तीन घरं पाहिली. एका घरात देवघर होतं, आणि देवघराला लागून संडास. भिंत एक, पलीकडं पाणी ओतलं की देव हलतात. मालक म्हणाला, "अंदर से पक्का है." काय पक्कं आहे ते विचारायची हिंमत झाली नाही.

हे अजून बस्सीलाच चिकटून आहेत. टेपनं घरातली कपाटं मोजतात आणि वहीत नकाशे काढतात. तू लिहितेस, "एकदा दाजींना समोर बसवून स्पष्ट विचार." काय विचारू? चौदा वर्षांत काय कमी वेळा विचारलं? ह्यांना सासू घरात नको, हे मी तुला इंदूर सोडलं तेव्हाच सांगितलं होतं. कचेरीच्या बदलीच्या फॉर्मवर कुटुंबात बायको बसते, मुलं बसतात, सासू बसत नाही. ह्यांनी तो नियम घरात आणला. मी मधल्यामधे. रेवतीच्या लग्नात तू भर मांडवात म्हणालीस, "दाजी, आपलं सामान आमच्याकडं राहिलंय, कधी नेताय?" सगळे हसले, आणि हे नुसते बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून आपलं मोकळं बोलणं तुटलं, आणि तरी दोष माझाच.

ज्ञानदानं काल डोकं उठवलं. मी तुला पत्र लिहीत होते, ती मागून वाचत उभी. म्हणाली, "मम्मी, विद्याधर नगरवालं घर तर एकदम ठीक होतं. मतलब, ओल कुठे होती? तू आंटीला पण बोललीस की सोचके बताते." मी म्हटलं, तुला काय कळतं घरातलं. तर म्हणते, "तुला नानी नको आहे का?" आजी म्हणत नाही, नानी म्हणते, हिंदी मुलखात वाढलेली ना. मी तिला दोन शब्द बोलले. ती रडली नाही, नुसती आपल्या खोलीत गेली.

ओल नव्हती, हे खरं आहे. पण घराला दुसऱ्या अडचणी होत्या. सगळ्याच काय लिहायच्या.

आता दिवाळीपर्यंत काही होणार नाही. बघू.

मीनाक्षी


६ नोव्हेंबर २००५

विनया,

तू ह्यांना कचेरीच्या पत्त्यावर पत्र लिहिलंस. मला विचारलं नाहीस, बरं केलंस. विचारलं असतंस तर मी कसंही करून अडवलं असतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी हे दुपारीच घरी आले. बूट न काढता बसले, आणि तुझं पत्र माझ्या पुढ्यात ठेवलं. "मला आई नको होत्या, असं तू विनयाला सांगितलंस?" मग म्हणाले, "आणि मला सांगितलंस, विनया पाठवत नाही." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी पण चढवला असता, आणि सवयीप्रमाणं भांडण दुसरीकडंच गेलं असतं.

तर हे असं आहे. तुला सांगितलं, ह्यांना नको. ह्यांना सांगितलं, तू सोडत नाहीस. कानपूरला विचारलं ह्यांनी, रायपूरला विचारलं, भुवनेश्वरला तर आईसाठी खालची खोली रंगवूनसुद्धा घेतली होती. मी म्हटलं, "विनया म्हणते तिला सवय झालीय, हलवू नका." ते बापडे ती खोली बघत राहिले आणि तिथं सात नंबरचा खोका ठेवला. मांडवात तू त्यांना टोमणा मारलास तेव्हा त्यांना काही कळलंच नव्हतं. चार वर्षं ते मला विचारत होते, विनया असं का बोलली. मी म्हटलं, तिचा स्वभावच तसा.

आता तू विचारशील का. तुझं लाल अक्षर मला दिसतंय.

इंदूरला आई आमच्याकडं तीन वर्षं होती, अण्णा गेल्यावर. तिची मशेरी तुला माहीतच आहे. सकाळी पायरीवर बसून ती काळी पूड दातांना घासायची, आणि बोट तोंडात असतानाच बोलायची. दूधवाल्याशी, झाडूवाल्याशी, शाळेच्या पोरींशी. हिंदी येत नव्हतं तरी बोलायची, आणि त्यांना कळायचंही. बेसिनमध्ये काळं थुंकायची. मला शिसारी यायची. ह्यांना नाही, मला. मी दिवसातून चारदा बेसिन धुवायची, ते तिला दिसायचं. ती काही बोलायची नाही, दुसऱ्या दिवसापासून अंगणातल्या मोरीवर जायला लागली.

एके दिवशी ह्यांच्या मोठ्या साहेबांची बायको आली, न सांगता. पायरीवर आई. दात काळे, हसली, आणि मशेरीची डबी पुढं केली. घ्या म्हणाली. ती बाई साडी सावरत आत आली आणि माझ्यासमोर बसून म्हणाली, "आपकी कामवाली बड़ी बातूनी है."

मी हो म्हणाले.

विनया, मी 'हो' म्हणाले. हसून म्हणाले. दार उघडं होतं, आई तिथंच पायरीवर. मग थोड्या वेळानं आई चहाचा ट्रे घेऊन आली, चूळ भरून, पदर नीट करून. ट्रे ठेवला. एरवी कोणीही आलं की ती आधी स्वतः बसायची आणि मग पाहुण्याला बसवायची. त्या दिवशी बसली नाही. मागच्या मागं आत गेली. कामवाल्या जातात तशी.

नंतर ती त्यावर एक अक्षर बोलली नाही. मीही नाही. पाच महिन्यांनी कानपूरची बदली आली. ट्रक दारात उभा, खोके भरून झालेले, आणि मी तिची ट्रंक वेगळी काढून मिरजेच्या गाडीवर चढवली. "घर मिळालं की बोलावते," म्हणाले. तिनं मान हलवली.

लोकांच्या संडासाची, केसांची, थुंकीची मी तुला चार महिने वर्णनं लिहिते आहे. ती सगळी खरी आहेत. पण मला खरी किळस कोणाची येते ते आता तुला कळलं असेल. आईची किळस येते म्हणून बोलावत नाही, असं मी स्वतःला सांगत आले. तेही खोटं. ती समोर आली की मला तो ट्रे दिसणार. तिच्या तोंडाकडं बघायची माझी छाती नाही. म्हणून एकही घर पसंत पडलं नाही, एवढीच गोष्ट आहे.

विद्याधर नगरच्या घराला काहीही खोट नव्हती. तळमजला, दोन खोल्या पुढं, दोन मागं. पुढच्या खोलीला रस्त्यावरची खिडकी, दाराला रुंद पायरी, तीही सावलीत. मालकीण द्वारकाजी, शाळेतल्या बाई होत्या, एकट्याच वर राहतात. मी सांगितलं, माझी आई आहे म्हणून. तर म्हणाल्या, "ले आइए माताजी को, मेरा भी मन लगेगा." मी त्या पायरीकडं बघितलं आणि 'सोचके बताते' म्हणून तिथून निघाले.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. एवढं ऐक माझं.

मीनाक्षी


विद्याधर नगर, जयपूर
१८ डिसेंबर २००५

प्रिय विनू,

तुझं पत्र परवा आलं. वर पत्ता बदललेला बघून तुला कळलं असेल, घर घेतलं. तुझं पत्र यायच्या आधीच घेतलं होतं, हे लिहून ठेवते, नाहीतर तुला वाटेल की आता धोका नाही म्हणून घेतलं.

कन्फेशन लिहिलेल्या आठवड्यातच मी द्वारकाजींकडं गेले. घर कोणाला दिलं असेल असं धरूनच गेले होते. दिलंच होतं, एका बँकेतल्या जोडप्याला. पण दोन महिन्यांत त्यांची जोधपूरला बदली झाली. बदलीनं माझं आयुष्यात पहिल्यांदा भलं केलं. द्वारकाजींनी मला ओळखलं. म्हणाल्या, "आप तो वही हैं जो सोचकर बताने वाली थीं." मी म्हटलं, हो, सोचायला तीन महिने लागले.

ह्यांना इथून कचेरी बस्सीपेक्षा कितीतरी जवळ. तरी कुरकुरले, कारण गल्ली अरुंद, ट्रक कोपऱ्यावरच थांबला आणि सामान हातानं आणावं लागलं. माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतात. तो त्यांचा हक्क आहे. पण परवा त्यांनी सगळे अठ्ठावीस खोके फोडले. फळ्या गल्लीतल्या चौकीदाराला शेकोटीला दिल्या. इथं थंडी आता हाडात शिरते. सात नंबरात काय निघालं सांगू? इंदूरच्या घराचे पडदे. आणि पडद्यात गुंडाळलेली आईची पितळी पिकदाणी. ती मीच कधीतरी तिच्यासाठी घेतली होती, बेसिनचा त्रास नको म्हणून, आणि मग पाहुण्यांना दिसू नये म्हणून लपवली होती. घासून पुढच्या खोलीत ठेवली आहे. घासताना मला शिसारी आली नाही, असं खोटं लिहिणार नाही. आली. पण घासली.

आता तुझ्या पत्राबद्दल. माझं ते पत्र तू आईला वाचून दाखवलंसच. दाखवणारच होतीस, बाईंनी कधी पोरांचं ऐकलंय? पहिल्या खेपेला मी तुझं उत्तर सगळं वाचू शकले नाही. दुसऱ्या खेपेला ज्ञानदाला वाचायला लावलं. ती अडखळत वाचते, म्हणून प्रत्येक शब्द दोनदा ऐकावा लागला.

तू लिहितेस, आई सगळं शांतपणे ऐकून हसली, आणि म्हणाली, "त्या बाईचा चहा मी बिनसाखरेचा केलता. मीठ घालणार होते, पण जावईबापूंची नोकरी." चौदा वर्षं मी त्या ट्रेला घाबरत होते, आणि ट्रेमध्ये हे होतं. मी हसले, आणि मग हसताहसता काय झालं ते ज्ञानदाला विचार.

शालिनी मावशीची सून दोन महिने तुझ्याकडं राहायला येतेय, ऑपरेशनची सोय झाली, हे वाचलं. म्हणजे आईला आता हलवायची गरज नाही. ट्रंक तिनं स्वतः रिकामी केली, लुगडी कपाटात लावली, ट्रंक तुझ्या नातवाला खेळण्यांसाठी दिली. मीच लिहिलं होतं ना, ट्रंक उघड म्हणून. तिनं उघडली.

आणि तू खाली वेगळ्या ओळीवर, या वेळी लाल शाई न वापरता लिहिलं आहेस, की तू विचारलंस, "आई, ताईकडं जाणार?" तर तंबाखू मळता मळता म्हणाली, "मीनूला कळव, मला इथं बरं घर मिळालं की मी बोलावते तिला."

ते वाक्य मला पाठ आहे विनू. बोलणाऱ्याच्या बाजूनं पाठ होतं. ऐकणाऱ्याच्या बाजूनं कसं असतं ते आत्ता कळलं. राग नव्हता म्हणतेस तिच्या आवाजात. नसणारच. माझ्याही नव्हता तेव्हा.

मी तिकीट काढलं नाही. ये म्हणूनही लिहीत नाही. चौदा वर्षं थांबलेल्या बाईला घाई करायचा अधिकार मला नाही. तुझ्या ऑपरेशनला मात्र येते, वीस दिवसांसाठी. ती सून एकटी काय काय करील. आईनं दारातून परत पाठवलं तर तुझ्या शेजारी उतरेन. हे म्हणाले, "जा. मीही सोडायला येतो." बस्सीच्या नकाशांची वही त्यांनी चौकीदाराला दिली नाही, पण उघडतही नाहीत.

पुढची खोली रिकामी ठेवली आहे. द्वारकाजी दुपारी खाली येतात, रोज विचारतात, माताजी कधी येणार. पहिले चार दिवस मी थापा मारल्या, थंडी संपली की वगैरे. पाचव्या दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून विचारायच्या बंद झाल्या. पण येतात. थंडीत पायरीवर ऊन येतं, आम्ही दोघी ते खात बसतो. आईला सांग, खिडकीतून माणसं दिसतात. भाजीची गाडी, शाळेच्या रिक्षा, एक म्हातारे मास्तर रोज दहाला छत्री घेऊन जातात. पाऊस नसतो तरी. मी अजून कोणाला हाक मारली नाही. काल त्या मास्तरांनीच नमस्ते केलं.

एकच काम कर. आईच्या वहीतलं आमचं भोक पडलेलं पान फाडून टाक आणि कोऱ्या पानावर हा पत्ता लिही. मकान दोन-अठरा, सेक्टर चार, विद्याधर नगर, जयपूर. आणि पेन्सिल घेऊ नकोस. तुझी लाल शाई चालेल.

तुझी ताई